दिवाकर, सविताचा पाठ झाला

"काच खाली घे." एवढंच म्हणालास तू, दिवाकर.

हिंगणघाट मागे पडलं होतं. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी सारखा वाकून तुझ्या तोंडाशी कान नेत होतो. वाटत होतं, ज्या माणसानं आयुष्यभर माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाही, तो आता काहीतरी सांगेल. निदान एखादी शिवी तरी देईल. मी काच खाली घेतली. थंडीचे दिवस, वारा बोचरा. तू तो एकदा छातीत ओढून घेतलास, आणि सेवाग्रामचं हॉस्पिटल यायच्या आधीच माझी मांडी जड झाली.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "शेवटी काही बोलले का सर?" वहिनींनीही विचारलं. मी म्हटलं, "वारा मागितला." त्या म्हणाल्या, "त्यायले गाडीत नेहमीच गुदमरल्यासारखं होत होतं," आणि उठून आत गेल्या. मग मी तुझ्या घरातल्या भिंतीकडे बघत बसलो. मला राग आला होता. अजूनही आहे. असं अर्ध्यात भांडण टाकून कोणी जातं का?

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. त्याच दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावून ती पोकळी माझ्या हवाली केली. "सर्वसमावेशक शिक्षणाचा विषय आता तुम्हीच घ्या. नोट्स काढून द्या मुलांना, परीक्षेपुरत्या." ज्या विषयावरून मी तुला चिडवत आलो, तो विषय. चाळीस पोरं असलेल्या वर्गात एकाला ऐकू येत नाही, एकाला अक्षरं उलटी दिसतात, एकीच्या घरची भाषाच वेगळी. आणि या सगळ्यांना एकाच वेळी शिकवणारा मास्तर आपण बी.एड.च्या दोन वर्षांत घडवणार. मी म्हणायचो, दिवाकर, हे कागदावर बरं दिसतं. तू म्हणायचास, तुले कागदावर तरी दिसते ना, बस.

विषयाबरोबर सविताही माझ्याकडे आली.

ती आपल्या कॉलेजात आली तेव्हाच आपलं भांडण सुरू झालं होतं. कारंजा घाडगेची पोरगी, बाप हायवेवर धाब्याशेजारी ट्रकचे पंक्चर काढतो, ही जन्मापासून आंधळी. बी.ए. करून आली आणि म्हणाली, मराठीची शिक्षिका व्हायचंय. प्रवेशाला कोणाची ना नव्हतीच. प्रश्न होता सराव पाठांचा. जिनिंगसमोरच्या टपरीवर आपण बसलो होतो. कापसाचा हंगाम होता, चहावर तंतू येऊन बसत होते आणि तू ते बोटानं काढत होतास.

"तिचा सराव अंध शाळेत ठेवू ना," मी म्हटलं. "तिथं तिले नोकरी मिळन, मान मिळन. भरल्या वर्गात पोट्टे हाल करतीन तिचे."

"अन् त्या पोट्ट्याईले कधी समजन, का आंधळी बाई शिकवू शकते म्हणून?"

"शिकवू शकते का, तेच तर पाहाचं हाय."

"मंग पाहू दे ना वर्गात! तू कायले टपरीवर बसून पाहून राह्यला?"

कॉलेजच्या वर्गात तू पुस्तकी मराठी बोलायचास. तापलास की आईच्या भाषेत उतरायचास. त्या दिवशी पार उतरला होतास. ग्लास आपटून म्हणालास, "वर्गात सारे पाहिजे म्हणतो आपण. आंधळे, बहिरे, कोलामाचे, वीटभट्टीवरचे. अन् टेबलामागं कोण? फक्त तू अन् मी?"

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. पण पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही, हे तुला सांगून ठेवतो. मेलेल्या माणसाशी सगळेच हो म्हणतात. मी म्हणणार नाही.

तुझं एक मात्र मला कधी जमलं नसतं. दरवर्षी तू या भावी शिक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना आवारात फिरवायचास, कानात बोळे घालून धडा ऐकायला लावायचास. त्या वर्षीही पट्ट्या वाटल्यास. सगळे चाचपडत, ओरडत, हसत फिरू लागले. सविता कडुनिंबाखाली उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "सर, हे सारे घाबरून राह्यले. पट्टी सुटली का म्हणतीन, बिचारी सविता. मले बिचारी कायले बनवता तुम्ही?"

मी व्हरांड्यातून बघत होतो. मला वाटलं, आता तू समजावशील, अनुभूती वगैरे शब्द वापरशील. तू हातातल्या पट्टीकडे पाहिलंस, आणि असा हसलास की तुझी ढेरी हलली. सगळ्या पट्ट्या गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्यास. मग तिच्याजवळ जाऊन विचारलंस, "मंग काय शिकवू यायले, तूच सांग."

"विचारायले शिकवा," ती म्हणाली. "सारे माहा हात धरून ओढतात. कुठं जायचं ते विचारत कोणी नाई."

पुढचा आठवडाभर तू तेच शिकवलंस. मदत करायच्या आधी विचारायचं कसं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुठल्या विद्यार्थ्यानं भर आवारात खोडून काढलेलं नाही. तसं कोणी करील असं मी वागलोच नाही. तुझा हेवा वाटला मला त्या दिवशी. हे तुला सांगायचं राहून गेलं.

गावातल्या एका शाळेनं तुझ्या शब्दावर तिला घेतलं होतं. पाठ सुरू व्हायचे होते आणि तू गेलास. तेराव्याच्या आधीच त्या मुख्याध्यापकांनी मला फोन करून शाळेत बोलावलं. भला माणूस, तुझ्या मातीलाही आला होता. चहा पाजून म्हणाला, "सर होते तवर त्यायची जबाबदारी होती. उद्या वर्गात काही झालं तर मी कोणाले बोलावू?" मी म्हटलं, मला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. तुझ्या शब्दाला जे वजन होतं ते माझ्या शब्दाला नाही, दिवाकर. मी पंचवीस वर्षं त्याच गावात शिकवतोय आणि मला ते त्या दिवशी कळलं.

प्राचार्यांनी मार्ग काढला. "पाठ कॉलेजमध्येच घ्या. सोबतचे विद्यार्थी मुलं बनून बसतील. गुण देऊन मोकळे व्हा." तुला वाईट वाटेल, पण मला ते बरं वाटलं. पोरीचं वर्ष वाचलं असतं. मी तिला बोलावून सांगितलं. ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत ऐकत होती.

"सर, हे लोक मले दोन वर्षांपासून रोज भेटतात," ती म्हणाली. "ते पोट्टे बनून बसतीन, मी बाई बनून उभी राहीन. मंग पहिल्या नोकरीत खरे पोट्टे येतीन तेव्हा मी काय करू?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"दिवाकर सर असं म्हणाले असते का?"

ती उठली. "मले घरी जाऊ द्या सर. बाबाच्या दुकानात बसीन. तिथं तर खरे ट्रकवाले येतात."

दुसऱ्या दिवसापासून मी शाळा धुंडाळू लागलो. दोन वर्षं ज्या वाक्यांवरून मी तुझ्याशी भांडलो, तीच वाक्यं मी दारोदार बोलत होतो. माझ्या तोंडात ती खोटी वाजत होती आणि समोरच्यालाही ते ऐकू येत असावं. सगळीकडे चहा मिळाला. एका शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी नवा उतार बांधलाय, तो तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी मला स्वतः चालून दाखवला. त्यांच्याकडे ऐकू न येणारी एक मुलगी आहे, तिला पुढच्या बाकावर बसवतात, ओठ दिसतील असं तोंड करून शिकवतात. मन लावून करतात, खोटं नाही. मी सविताचं विचारलं तर म्हणाल्या, "विद्यार्थी म्हणून असती तर आजच घेतली असती हो. पण शिक्षिका म्हणून? पालक काय म्हणतील?"

मी बाहेर येऊन गाडीवर बसलो आणि तुला शिव्या घातल्या. मोठ्यानं. पानठेल्यावरची माणसं बघायला लागली. अबे दिवाकर, तू भाषणं करून गेलास, पोरीला आशा लावून गेलास, आणि आता हे सगळं माझ्या गळ्यात. मी कधी मागितलं होतं?

शेवटी आत्राम मॅडम आठवल्या. आठवतात ना तुला? समुद्रपूरकडची कोलाम आदिवासी मुलगी, आपल्या कॉलेजात आली तेव्हा तिच्या बोलण्याला पोरं हसायची. तू तिला पहिला तास कोलामीत घ्यायला लावलास. सगळा वर्ग बावचळला, एक जण चिडून म्हणाला, आम्हाले समजतच नाई तर बसू कायले? तू म्हणालास, हेच लक्षात ठेव, आणि तास संपवलास. ती आता समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत प्रभारी मुख्याध्यापिका आहे. फोन लावला. तुझी बातमी तिला कळली होती. ती आधी रडली. मग म्हणाली, "घेऊन या सर तिले. गावातल्या लोकायले काय सांगायचं ते मले अजून सुचत नाई. पण घेऊन या."

एस.टी.नं निघालो. सविता खिडकीशी, मी शेजारी. बस खडखडत होती, दोन्ही बाजूंना वेचून संपत आलेली कापसाची शेतं. बराच वेळ गेल्यावर तिनं विचारलं, "सर, तुमालेही वाटते ना, मले जमनार नाई?"

खोटं बोलायला हवं होतं का? मी म्हटलं, "हो. वाटतं."

"मंग काऊन येऊन राह्यले?"

मी कंडक्टरकडे बघत राहिलो. आता तुला सांगतो. मला एकदा तुझ्यासमोर येऊन म्हणायचं होतं, बघ, नाही जमलं. किंवा, बघ, जमलं. दोन्हीपैकी काहीही. तू समोर नाहीस तर दोन्हीला अर्थ नाही. तरी मी बसमध्ये होतो.

सहावीचा वर्ग. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो. ब्रेलमधला कागद तिनं टेबलावर ठेवला आणि बोटं फिरवत नदीच्या वर्णनाचा उतारा वाचू लागली. पोरं तिच्या बोटांकडे बघत राहिली. इतकी शांतता मी कुठल्याच सराव पाठात पाहिलेली नाही. मनात म्हटलं, दिवाकर, जिंकलास लेका.

तेवढ्यात मागच्या खिडकीशी हालचाल झाली. खिडकीला गज नव्हते. एक पोरगा बाकावर चढला, पाय बाहेर टाकून उतरला. मग दुसरा. मग आणखी दोघं-तिघं, तोंडावर हात दाबून. सविता वाचत होती. पलीकडच्या काठावर काय दिसतंय ते सांगत होती. मी उठू का? ओरडू का? तू असतास तर काय केलं असतंस, मला खरंच माहीत नाही. मी बसून राहिलो.

"बाई," पुढची एक मुलगी म्हणाली, "पोट्टे खिडकीतून पळाले."

वर्ग फिस्सकन हसला. सविताचं बोट कागदावर थांबलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती इतका वेळ गप्प उभी राहिली की हसू आपोआप विरलं.

"अजून कोणाले जायचं हाय?" तिनं विचारलं.

कोणी हललं नाही.

"मले दिसत नाई," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही मले रोज फसवू शकता. मी काहीच करू शकत नाई. हे खरं हाय. मंग आता आपण शाळा कशी चालवायची ते तुम्हीच सांगा."

सगळे एकदम बोलू लागले. खिडकी बंद करा बाई. मी ध्यान ठेवतो बाई. नाव घेऊन बोलायचं बाई, मंग तुमाले समजन कोण हाय. एक पोरगा उभा राहिला. तो अडखळत बोलणारा, एकेका अक्षरावर रुतणारा. त्याचं पहिलं अक्षर निघायच्या आधीच शेजारच्यानं त्याचं वाक्य बोलून टाकलं. सविता म्हणाली, "तुले नाई विचारलं. तो बोलून राह्यला ना?" आणि ती थांबली. त्याचं वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागला, दिवाकर. माझे हात शिवशिवत होते, तोंडातून शब्द ओढून काढावेसे वाटत होते. ती मान जराशी तिरपी करून थांबली होती. तो म्हणत होता की फळा पुसायचं काम त्याला द्या.

धडा दुसऱ्या परिच्छेदातच राहिला. पाठाचं नियोजन पार कोलमडलं. आपल्या कसोट्यांवर मी त्या पाठाला काय गुण द्यावेत, मला सांग. कोणाला विचारू?

परतीच्या बसमध्ये ती रडली. तोंड खिडकीकडे करून, आवाज न करता. "सर, डोळस बाई असती तर पळाले असते का ते?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग तुमचंच बरोबर होतं."

दोन वर्षं हे वाक्य मला ऐकायचं होतं. तुझ्या तोंडून. तिच्या तोंडून नव्हे. मी म्हटलं, "उद्या सातची बस पकडायची आहे. उशीर करू नको."

दुसऱ्या दिवशी पालक आले. खिडकीतून पळालेल्यांपैकी एकाचा बाप पुढे. तो तावातावानं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. "मॅडम, पोरगी चांगली हाय, आमचं काही म्हणणं नाई. पण आमच्याच पोट्ट्याईवर प्रयोग कायले? नागपूरच्या मोठ्या शाळेत करा ना." आत्राम मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मी तुझी आठवण काढली. अगदी खरंच, देवाची काढावी तशी. तुला उत्तर आलं असतं. मी म्हटलं, "तुमचा प्रश्न बरोबर आहे." मॅडमनी सोमवारच्या शाळा समितीच्या बैठकीपर्यंतची मुदत मागून घेतली. सोमवारी काय ठरेल सांगता येत नाही. प्राचार्यांना हे कळलंय, ते नाराज आहेत. कॉलेजातल्या पोरांना मी कालच्या तासाला सगळं जसंच्या तसं सांगितलं, खिडकीसकट. एकीनं विचारलं, "सर, मग आम्ही नेमकं काय शिकायचं?" मी फळ्याकडे वळून खडू शोधत राहिलो.

आज शुक्रवार. वर्गाच्या दारात सविता थांबली आणि म्हणाली, "सर, तुम्ही आज बाहेर बसा."

"का?"

"तुम्ही मागं बसले का पोट्टे तुमच्याकडं पाहून वागतात. मले एकटीलेच पाहू द्या."

तिनं दार लोटून घेतलं. मी व्हरांड्यात पायरीवर बसलो. आतून बाक सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी पडलं. मग सगळा वर्ग हसला. कशाला हसले? कोणाला? मी उठून दाराला हात लावला, आणि पुन्हा खाली बसलो. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ते त्याहून वाईट होतं. खिडकी मागच्या बाजूला आहे. उठून वळसा घातला असता तर सगळं दिसलं असतं. मी गेलो नाही. पायरीवर बसून घट्ट हात धरून ठेवले, माझेच.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाकीच्या वर्गांची दारं धाडकन उघडली, पोरं मैदानात सांडली. आमचं दार बंदच. थोड्या वेळानं ते बोटभर उघडलं आणि फळा पुसणारा तो पोरगा बाहेर आला. हातभर खडूची पूड. माझ्यासमोर उभा राहून त्यानं बोलायला सुरुवात केली. मी थांबलो. तो रुतला, सुटला, पुन्हा रुतला. मी थांबलो.

"बाईनं सांगतलं, आमचं अजून बाकी हाय. तुम्ही चहा घेऊन घ्या."

आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

मी फाटकाबाहेर आलो. रस्त्यापलीकडे टपरी आहे. चहा हातात घेतला आणि तिथंच, भर उन्हात, माणसांच्या देखत मला रडू फुटलं. तुझ्या चितेपाशी आलं नव्हतं, वहिनींसमोर आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं. बाकड्यावरचे एक म्हातारबुवा सरकून जवळ बसले.

"काय झालं मास्तर?"

"मित्र वारला."

"अरेरे. कधी?"

"आत्ताच," मी म्हटलं.